चांगला हात

"गुरुजी, ही बंदूक मला लाथ मारते," वच्छला म्हणाली आणि ती लांबलचक रायफल तिने माझ्या सुतारकामाच्या बाकावर, रंध्याच्या भुशात, आडवी ठेवली.

"कुठं मारते?"

तिने उजव्या गालाकडे बोट केलं. गालाच्या हाडावर निळा-काळा डाग होता, रुपयाएवढा. "खांदाही असाच झालाय. आई रोज हळद लावते आणि रोज बोलते."

"काय बोलते?"

"हळद संपली म्हणते."

दारात उभा असलेला सोमा मडावी हसला नाही. तो वच्छलाच्या घरचा, म्हणजे नागापुऱ्यांचा, शिकारीत माग काढणारा. जंगलातला पालापाचोळा वाचणारा माणूस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीला टांगलेल्या टकळ्यांकडे आणि चरख्यांकडे, आणि म्हणाला, "मास्तर, तुमी तं पोरांना सूत कातासाठी शिकवता. हे काम जमन का तुमाले?"

"चरख्याचं चाक ज्याला जमतं, त्याला लाकडातलं काहीही जमतं," मी म्हणालो. खरं तर मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. बंदुकीला मी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावत होतो.

ही एकोणीसशे सहासष्ट सालची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या कोसंबी गावी आमची, गांधीजींच्या पद्धतीने हातकाम शिकवणारी, बुनियादी शाळा होती. सकाळी मी तिसरीचा वर्ग घ्यायचो, दुपारी मोठ्या मुलांना सुतारकाम शिकवायचो. वच्छला ही गावच्या जुन्या मालगुजारांची, बळवंतराव नागापुऱ्यांची धाकटी मुलगी. तेव्हा तेवीस वर्षांची, उंची पाच फुटांना एक बोट कमी. बळवंतरावांना मुलगा नव्हता आणि शिकारीशिवाय करमत नव्हतं, म्हणून त्यांनी हिला लहानपणापासून बरोबर नेलं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि परवान्यावर मुलीचं नाव चढलं.

त्या हिवाळ्यात आमच्या रानात एक वाघीण माणसं धरू लागली होती. तीन माणसं गेल्यावर वनखात्याने तिला नरभक्षक ठरवलं आणि मारायची परवानगी नागापुऱ्यांना दिली. त्या काळी ते रीतसर होतं. आज कायदा वेगळा आहे, आणि तो बरोबर आहे. जानेवारीत वच्छलाला ती चाळीस पावलांवर उभी दिसली. वच्छलाने गोळी झाडली. गोळी शेजारच्या धावड्याच्या झाडात शिरली. त्यानंतर बाराव्या दिवशी वाघिणीने रुकमाला नेलं. रुकमा सोमाची धाकटी बहीण.

हे सगळं मला माहीत होतं. आता त्या बाकाशी आम्ही तिघं उभे होतो.

"मोहाची फुलं कधी पडायला लागतील, सोमा?" मी विचारलं.

"पंधरा-वीस दिवसांत."

म्हणजे तेवढेच दिवस होते. मोह पडायला लागला की पहाटेपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेलं असतं. बायका, म्हातारी, पोरं. नका जाऊ म्हणून कोणी ऐकत नाही. वर्षाचं अर्धं पोट त्या फुलांवर असतं.

"ठेव इथं," मी म्हणालो. "आणि हात वाकव."

"हात?"

"उजवा. कोपरात."

मी फुटपट्टी घेऊन तिच्या कोपराच्या खळीपासून चापावर ठेवायच्या बोटापर्यंत मोजलं. साडेबारा इंच. मग बंदुकीच्या लाकडी दस्त्याचं मागचं टोक ते चाप हे अंतर मोजलं. पंधरा इंच! मी मोठ्याने हसलो.

"काय झालं, गुरुजी?"

"अगं, ही बंदूक सहा फुटी साहेबासाठी केलेली आहे. तू त्याच्या कोटात शिरून नेम धरतेस. बाह्या हातावरून लोंबतायत, आणि म्हणतेस नेम लागत नाही!"

ती पहिल्यांदा हसली. रायफल बळवंतरावांना एका इंग्रज अधिकाऱ्याने देश सोडताना दिली होती. तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. काडतूस एवढं मोठं की माझ्या मधल्या बोटाहून लांब. वाघच काय, रानगवाही एका गोळीत बसवणारी. अशा बंदुकीचा धक्का मोठाच असणार. पण लांबीला न बसणाऱ्या दस्त्यामुळे तो खांद्यावर पसरण्याऐवजी एका टोकाशी रुतत होता, आणि दस्त्याचा फुगवटा गालावर आपटत होता. मला बंदूक कळत नव्हती, पण हे कळत होतं. मुलाच्या उंचीचा बाक नसला की मुलाचं अक्षर बिघडतं. मग आपण अक्षराला शिव्या देतो.

"नवा दस्ता करू," मी म्हणालो. "तुझ्या मापाचा."

सोमा म्हणाला, "लाकूड कोन्तं?"

लाकूड होतं. हेडमास्तर पांढरीपांड्यांच्या खुर्चीसाठी मी एक शिसवीची फळी चार वर्षं सुकवत ठेवली होती. जड, काळपट, रेषा सरळ. पांढरीपांडे दर सोमवारी विचारायचे, "माझ्या सिंहासनाचं कुठवर आलं?" त्या दिवशी मी फळी घेऊन त्यांच्यासमोर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"अर्धी घ्या," ते म्हणाले. "उरलेल्या अर्ध्यात निदान एक स्टूल तरी होईल ना माझं?"

"होईल, सर."

"आणि मास्तर, गांधीजींच्या तसबिरीखाली ते काम करू नका. तसबीर तरी वळवा."

मी बाक वळवला.

त्यानंतरचे आठ दिवस मला अजून लख्ख आठवतात. शाळा सुटली की वच्छला यायची, मागे सोमा, आणि आम्ही कामाला लागायचो. मी बोलत बोलत काम करणारा माणूस. समोर शिकणारं कोणी असलं की माझे हात भरभर चालतात.

"सांग बघू, रिकामी बैलगाडी खड्ड्यात जास्त उसळते की भरलेली?"

"रिकामी."

"म्हणून दस्ता जड पाहिजे. आता अंगठ्याने माझा खांदा दाब. दुखलं. आता तळहाताने दाब. दुखलं का? नाही. म्हणून दस्त्याचं मागचं टोक रुंद पाहिजे. झालं शास्त्र."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी सगळी घासाघाशी."

सर्वांत अवघड काम म्हणजे लोखंड लाकडात बसवणं. नळी आणि तिच्या मागचा भाग लाकडात असा बसला पाहिजे की मध्ये पोस्टकार्डसुद्धा जाऊ नये, नाहीतर त्या धक्क्याने दस्ता उभा चिरतो. मी चिमणीची काजळी तेलात कालवून लोखंडाला लावायचो, ते लाकडाच्या खाचेत दाबायचो आणि उचलायचो. जिथं काळा डाग उमटला तिथं लाकूड उंच आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. दिवसातून साठ-सत्तर वेळा. वच्छलाचं नाक, कपाळ, पदर, सगळं काजळाने भरलं.

"बाई, दिस्ट नाई लागनार आता तुमाले," सोमा म्हणाला.

मागच्या टोकाला मी ट्रकच्या टायरचं जाड रबर कापून बसवलं. गाल टेकायच्या जागी, डाव्या अंगाला, लाकडाला हलकी उशी ठेवली. शेवटी जवसाचं तेल तळहाताने चोळलं, तळवा गरम होईपर्यंत, आणि शिसवीतून अशी लालसर रेघ वर आली की पांढरीपांडे खास बघायला आले आणि उसासा टाकून गेले.

तालमीसाठी आम्ही गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात गेलो. साठ पावलांवर दरडीशी एक मडकं ठेवलं. नागापुऱ्यांकडे त्या बंदुकीची एकूण सतरा काडतुसं उरली होती आणि तशी पुन्हा मिळणं कठीण होतं, म्हणून सोमा प्रत्येक काडतूस काढून देताना देवाचा प्रसाद दिल्यासारखं देत होता.

तिने बंदूक खांद्याला लावली. ती जाऊन बसली, अगदी बसलीच, पाट मांडल्यासारखी. मग स्फोट झाला. नाला दणाणला, दरडीवरचे पोपट उडाले, आणि धुरळ्यातून वच्छला ओरडली, "गुरुजी! लाथ नाही! ढकलते नुसती! म्हैस ढकलते ना अंगाने, तशी!"

मी नाचायचाच बाकी होतो. "गाल?"

"गालाला कळलंसुद्धा नाही!"

"आन मडक्यालेबी नाई कळलं," सोमा म्हणाला.

मडकं जसंच्या तसं होतं. गोळीचं भोक दरडीत होतं, डावीकडे, चांगलं दोन हात लांब. तिने आणखी चार गोळ्या मारल्या. सगळ्या डावीकडे. मी जवळून पाहिलं तेव्हा दिसलं की नेम धरताना तिची मान दस्त्यावरून पलीकडे कलते. म्हणजे गालाची उशी जाड झाली असणार. घरी येऊन ती पातळ केली. दोन दिवसांनी पुन्हा नाल्यात. तीन गोळ्या, तिन्ही डावीकडे.

"मडक्याचाबी हाका करा लागन, ढोल वाजवून गोळीसमोर आना लागन," सोमा पुटपुटला. तो थट्टा करायचा ती दुःख झाकायला, हे आता मला कळू लागलं होतं.

गावात मात्र उघड बोलणं सुरू झालं. पारावर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरीच्या हातात बंदूक अन् मास्तरच्या हातात पटाशी. वाघीण हसून हसून मरन." वच्छला तिथूनच जात होती. तिने मान वर केली नाही.

मी उशी आणखी तासली. आता तासायला लाकूडच उरलं नव्हतं. अजून एक घाव आणि आतली खाच उघडी पडली असती. बुधवारी तिसऱ्यांदा नाल्यात गेलो. वनखात्याने रविवार हाक्यासाठी ठरवून दिला होता. हाका म्हणजे साठ-सत्तर माणसं ढोल-डबे वाजवत रान विंचरत येतात आणि जनावराला मचाणाकडे रेटतात. एकदाच जमतं. एकदा चुकलं की वाघ दुसऱ्यांदा त्या फसवणुकीत येत नाही.

बुधवारी दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही डावीकडे. मग वच्छलाने बंदूक वाळूवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"दस्ता चांगला आहे, गुरुजी. मीच वाईट आहे."

"वाईट काही नसतं. कुठंतरी माप चुकलंय."

"सोमा, तू सांग. मी रुकमाला मारलं की नाही?"

सोमा वाळूत काडीने रेघा ओढत होता. "वाघिणीनं मारलं, बाई," तो म्हणाला. "भाकर खा."

आम्ही भाकऱ्या सोडल्या. जवसाची चटणी होती, कांदा होता. घास तोंडात जातो न जातो तोच वरच्या झाडावरून एक थोराड वानर धपकन उतरलं, वच्छलाच्या पुढची फडक्यातली भाकर उचलली आणि दरडीकडे पळालं.

"थांब रे, मेल्या!" ती उठली. तिने दगड उचलला आणि फेकला. पस्तीस-चाळीस पावलांवर, पळत्या वानराच्या शेपटीपाशी तो असा बसला की वानराने किंचाळून भाकर टाकली. सोमाने टाळी दिली. मीही हसलो. आणि मग माझं हसू तिथंच थांबलं.

तिने दगड डाव्या हाताने फेकला होता.

"वच्छला," मी म्हणालो, "कोणत्या हाताने मारलंस?"

तिचं तोंड उतरलं. तेवीस वर्षांच्या त्या मुलीने झटकन डावा हात पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "चुकलं, गुरुजी."

पंधरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी पूर्ण विसरलो होतो. तिचा हात विसरला नव्हता.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो, एकवीस वर्षांचा, उत्साहाने उतू जाणारा. तिसरीच्या वर्गात रोज सकाळी विचारायचो, "चांगला हात कोणता?" आणि सगळी मुलं उजवा हात वर करायची. एक मुलगी डावा करायची. डाव्याने लिहायची, डाव्याने टकळी फिरवायची. मी तिला कधी मारलं नाही, ओरडलोही नाही. मी फक्त एक लाल दोरा घेतला आणि तिचा डावा हात रोज तिच्या परकराच्या नाडीला बांधला. प्रेमाने. चार महिने. ती उजव्याने लिहू लागली तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या नावापुढे चांगला शेरा लिहिला होता. पुढे प्रत्येक वर्षी एक-दोन मुलांना मी तो दोरा बांधत आलो. त्या बुधवारीही माझ्या वर्गात दोन मुलांच्या मनगटांवर तो होता.

"इकडे ये," मी म्हणालो. "त्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखव. दोन्ही डोळे उघडे ठेव. दाखवलंस? आता डावा डोळा मीट. बोट कुठं गेलं?"

"सरकलं! शेंड्यावरून बाजूला गेलं."

"डावा उघड. उजवा मीट."

"आता... आता तिथंच आहे, गुरुजी. हललं नाही."

मी वाळूत बसलो. "तुझा हातच नाही, डोळाही डावा आहे. बंदूक उजव्या खांद्याला, आणि नेम धरतो डावा डोळा. तो बिचारा तुझी मान ओढून दस्त्यापलीकडे नेतो. माप चुकलं नव्हतं. मी चुकीच्या माणसाचं माप घेतलं."

"पण छऱ्याच्या बंदुकीने तितर पडायचे माझ्याकडून."

"छर्रे पसरतात. चूक झाकून घेतात. ही झाकत नाही."

सोमाला हळूहळू उलगडलं. त्याने वच्छलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग दुसऱ्या खांद्याले लावाची. त्यात काय?"

"याच दस्त्यावर नाही लागणार," मी म्हणालो. "गालाची उशी या अंगाला आहे, वाक या अंगाला आहे. सगळं उलटं पाहिजे."

"आज बुधवार हाये, मास्तर."

"हो. चल ऊठ!"

आणि आम्ही तिघं त्या नाल्यातून अक्षरशः पळत सुटलो.

पांढरीपांडे वर्गात होते. मी धापा टाकत म्हणालो, "सर, उरलेली अर्धी फळी."

"माझं स्टूल?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "न्या. मी उभ्याने निवृत्त होईन."

मी दोन दिवसांची रजा टाकली. पहिल्या दस्त्याला आठ दिवस लागले होते, या दुसऱ्याला तीन होते. पण आता हात शिकलेला होता, आणि मदतीला आणखी एक हात आला होता. पहिल्याच दिवशी मी कानस वच्छलाच्या पुढे केली. तिने सवयीने उजव्यात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्यात घेतली. पहिले दोन-चार फटकारे चाचपडत गेले. मग कानशीला सूर सापडला. आठ दिवस मी तिला कामात कच्ची समजत होतो. आता तिच्या बोटांखालून लाकूड लोण्यासारखं उतरत होतं आणि ती स्वतःशीच हसत होती.

"बोल्ट मात्र उजवीकडेच राहणार," मी तिला बजावलं. "तो मी बदलू शकत नाही. दुसरी गोळी भरायला उजवा हात पुढून सोडावा लागेल."

"नळी कशावर टेकवली तर?"

"तर जमेल. मग बंदूक खांद्यावरून काढायचीही गरज नाही."

"मचाणाला आडवा बांबू बांधतो," सोमा म्हणाला, "अन् वरून पोतं."

शनिवारी दुपारी, तेल पुरतं वाळलंही नव्हतं, तेव्हा आम्ही नाल्यात उभे राहिलो. सात काडतुसं उरली होती. वच्छलाने बंदूक डाव्या खांद्याला लावली. तिची मान सरळ राहिली. मी इतके दिवस ती सरळ व्हायची वाट बघत होतो आणि आता बघवेना, म्हणून वाळूकडे पाहत राहिलो.

स्फोट झाला. मग खापऱ्या पडल्याचा आवाज आला.

"गुरुजी, बघा ना!"

मी पाहिलं. मडक्याच्या जागी धूळ होती. दुसरं मडकं ठेवलं, तेही गेलं. तिसरं ठेवायला सोमा निघाला तेव्हा ती म्हणाली, "नको. पाच राहू दे."

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही मचाणावर चढलो. सोमा हाकेवाल्यांबरोबर पलीकडच्या टेकडीवर गेला होता. मी मचाणावर होतो, कारण दस्ता माझा होता. तो चिरला तर मी जवळ असायला हवा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

समोर नाला, नाल्यापलीकडे करवंदीची जाळी, डावीकडे जनावरांची पायवाट. वाघीण तिथून येणार हे ठरलेलं होतं. मग टेकडीमागे पहिला ढोल वाजला. मग डबे, थाळ्या, आरोळ्या. आवाजाची एक लांब भिंत हळूहळू आमच्याकडे सरकू लागली. आधी मोर उडाले. मग चितळांचा कळप डोळे विस्फारून मचाणाखालून गेला. एक रानडुक्कर गेलं. मग काहीच नाही. आवाज जवळ येत होता आणि रान रिकामं होतं.

"परत फिरली की काय," मी कुजबुजलो.

वच्छलाने मान हलवली, नाही.

उजवीकडच्या ऐनावर एक वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. पायवाट डावीकडे होती! मी डोळ्यांच्या कडेने पाहिलं. जांभळीच्या झुडपातून, ठरलेल्या वाटेच्या अगदी उलट बाजूने, वाघीण बाहेर आली होती. ती पळत नव्हती. एक पाय जपत, लंगडत, पण सावध चालत होती. तीस पावलं. बंदूक उजव्या खांद्याला असती तर त्या बाजूला नेम धरायला वच्छलाला अख्खं अंग वळवावं लागलं असतं, बांबू कुरकुरले असते आणि सगळं तिथंच संपलं असतं. डाव्या खांद्यावरून ती नळी दार उघडावं तशी गपचूप उजवीकडे फिरली. पोत्यावर घसरली. थांबली.

स्फोटाने माझे कान बंद झाले. वाघीण कोसळली. आणि उठली! तिने डोकं वर केलं, आम्हाला पाहिलं. वच्छलाचा गाल दस्त्यावरून हलला नाही. उजवा हात बोल्टवर गेला. खट, मागे. खट, पुढे. दुसरा स्फोट.

या वेळी ती उठली नाही.

ढोल थांबले. वच्छलाने बंदूक हळूच माझ्या हातात दिली. मी सवयीने दस्ता तपासला. एक केसभरही चीर नव्हती.

खाली उतरलो तेव्हा सोमा आधीच तिथं बसला होता. त्याने वाघिणीचा पुढचा पंजा उचलून दाखवला. त्यात साळिंदराचे तीन काटे खोल मोडलेले होते, जखम कुजलेली होती. "हरिण धरता येत नोतं तिले," तो म्हणाला. वच्छलाने वाकून तो पंजा पाहिला.

गावाच्या शिवेवर बायका जमल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे सोमाची म्हातारी आई होती, हातात ओल्या हळदीची थाळी घेऊन. आमच्याकडे रीत होती की असं काम करणाऱ्याचा हात हळदीने माखायचा. लेक गेल्यापासून ती म्हातारी घराबाहेर पडली नव्हती. तिने बोटं हळदीत बुडवली आणि म्हणाली, "दे माय, चांगला हात दे."

वच्छलाने माझ्याकडे पाहिलं. तिसरीतल्या मुलीने मास्तरांकडे पाहावं तसं.

"ज्याने मारली तो दे," मी म्हणालो.

तिने डावा हात पुढे केला. मागच्या बायकांत कुजबुज झाली. म्हातारीची बोटं क्षणभर थाळीवर थांबली. मग तिने तो हात धरला आणि कोपरापर्यंत हळदीने माखून काढला, आणि तो कपाळाला लावून रडली.

सोमवारी सकाळी मी तिसरीच्या वर्गात गेलो. मुलांना वाघिणीची गोष्ट हवी होती. "सांगतो," मी म्हणालो, "आधी एक काम आहे." पटाशी घेऊन मी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाच्या आणि शेवटच्या रांगेतल्या पार्वतीच्या मनगटावरचा लाल दोरा कापला. मुलगा हात चोळत बसला. पार्वतीने मात्र थोडा वेळ आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, मग पेन्सिल उचलली आणि पाटीवर एक 'ग' काढला.

तो उलटा निघाला. तिने घाबरून वर पाहिलं.

"छान आहे," मी तिच्या शेजारी खाली बसत म्हणालो. "आता आणखी एक काढ. घाई नाही."